जपानातल्या केळी

पिठाचा डबा कमरेवर घेऊन नर्मदा गिरणीतून परतत होती. दळण ताजं होतं, डब्याची ऊब पातळातून कमरेला लागत होती, आणि घरी जाऊन आधी कणीक भिजवावी की आधी भांडी घासावीत एवढाच विचार डोक्यात होता. तेवढ्यात शेजारच्या भागाबाईच्या खिडकीतून ते सूर आले. आधी एक लांबलचक बासरी, मग कसल्याशा तारांचे कोरडे, तुटक आवाज, आणि त्यांच्या मागे समुद्राची गाज. नर्मदा भर गल्लीत उभी राहिली. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, मग "मावशी, रस्ता काय नावावर करून घेतला का?" असं विचारत तो वळसा घालून निघून गेला. तिला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. जळगावात, श्रावण तोंडावर आलेल्या त्या दुपारी, तिच्या नाकात एकदम जुन्या धुळ्यातल्या त्या माजघराचा वास शिरला. रॉकेलचा, भिजल्या हरभऱ्याच्या डाळीचा आणि टीव्हीवर टाकलेल्या भरतकामाच्या रुमालाचा. आता रुमालाला कसला वास असतो म्हणा! पण होता. भागाबाईने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाली, "या ना नर्मदाबाई, केबलवर ती जुनी जपानवाली मालिका परत लावलीय. आजपासून रोज दुपारी." नर्मदा आत गेली आणि डबा मांडीवरच ठेवून बसली.

जपानवाली पहिल्यांदा लागली तेव्हा नर्मदा धुळ्याला होती, हिलालची बायको म्हणून. धुळ्यात टीव्ही अजून नवाच होता आणि अख्ख्या गल्लीत तो त्यांच्याकडेच होता, लाकडी सरकत्या दारांचा. रविवारी दुपारी दारं सरकली की गल्लीतल्या बाया धान्य निवडायच्या सुपांसकट येऊन बसत. मालिकेतली माणसं जपानी, ओठ जपानी, बोलणं मात्र शुद्ध हिंदी, आणि ओठ मिटल्यावरही बोलणं चालूच राही. त्याचं कुणाला काही वाटत नसे. नायिकेचं नाव हानाए. बायांनी पहिल्याच रविवारी तिची हनाबाई करून टाकली. तिचा नवरा सोकिची झाला सोका. सोका खेकडे पकडणाऱ्या बोटीवर दूर उत्तरेच्या समुद्रात जातो आणि बोट परत येत नाही, एवढीच गोष्ट. बुडाली म्हणावं तर फळी सापडत नाही, आहे म्हणावं तर माणूस येत नाही. हनाबाई जाळी विणते, धक्क्यावर जाऊन उभी राहते, आणि रोज संध्याकाळी सोकाच्या रिकाम्या जागेपुढे भाताची वाटी वाढून ठेवते. परदेशी असलेल्या माणसाची वाटी घरात वाढली की तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी त्यांच्याकडची रीत. ती वाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा बायांचे हात सुपात थांबले. "हाई ते आपलासारखंच शे," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी नर्मदेकडे बघितलं. नर्मदेने खडा शोधायला मान खाली घातली. गव्हात खडा नव्हता.

कारण हिलालही तसाच गेला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तो सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेला. खानदेशातली अर्धी पोरं सुरतेला जातात, त्यात नवल काही नव्हतं. दिवाळीला आला, तिच्यासाठी गुलाबी साडी घेऊन आला, पुन्हा गेला, आणि त्यानंतर कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. धाकटा दीर अभिमन सुरतेला दोनदा जाऊन आला. कुणी म्हणे वापीला दिसला, कुणी म्हणे मुंबईला. नर्मदेला त्याचा चेहरा आठवायला हळूहळू जड जाऊ लागलं आणि याची तिला फार लाज वाटे. त्याच्या मानेवरचा तीळ मात्र आठवे. सासू द्रौपदाबाई, तिला सगळे मायच म्हणत, मायला मात्र काहीच विसरायचं नव्हतं. दर श्रावणात घरात कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी माय सूप पुढे घेऊन बसे आणि रोटासाठी गहू मोजे. त्या घराची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचे, दळायचे, आणि कानबाईपुढे त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. ते रोट घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याच्या तोंडात कण जाता कामा नये, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्यासुद्धा. बायकांच्या नावाची मूठ नसायची. त्या पुरुषांच्यातलंच खायच्या. माय सासऱ्यांच्या नावाची टाके, अभिमनच्या नावाची टाके, आणि मग मोठ्याने, शेजारी ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणे, "हाई मना हिलालनी." त्याचा रोट मग नर्मदेच्या ताटात. "तूच खा. तुना पोटमा गया म्हंजे त्याना पोटमा गया." नर्मदा खाई. तिचं पोट भरलेलं असलं तरी शेवटचा घास खाईपर्यंत माय समोरून उठत नसे.

जपानवाली लागली त्या वर्षी आषाढात जळगावहून एक स्थळ आलं होतं. पारोळ्याच्या तिच्या वडिलांनी पंचांकडून मोकळीक मिळवून आणली होती, सात वर्षांच्या वर झाली होती हिलालला जाऊन. स्थळ बिजवराचं. नाव भाईदास, भादलीला केळीची बाग, राहायला जळगावात, पहिली बायको गेलेली. तो धुळ्याला बघायला आला तेव्हा चहाच्या वाफेने त्याच्या जाड चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या आणि त्याला नर्मदा धड दिसलीच नाही. त्याने काचा पुसल्या तोवर ती आत गेली होती. हो म्हणायचं की नाही, ते वडिलांनी तिच्यावर सोडलं होतं. माय काही बोलत नव्हती, पण पाण्याचा तांब्या जरा जोरात आपटून ठेवायला लागली होती. नर्मदेला रात्रंदिवस एकच भीती. आपण गेलो आणि तो आला तर? दारात उभा राहून नर्मदा कुठे विचारलं तर? ती मनाशी म्हणाली, हनाबाईचं काय होतं ते बघू. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि ती स्वतःलाच हसलीसुद्धा. पण माणसाला कुठला तरी धक्का धरून उभं राहावं लागतं. मालिकेचा शेवटचा भाग नेमका कानबाईच्या रविवारी आला.

त्या रविवारी ती सोवळ्यात चुलीपुढे होती. टीव्ही माजघरात लागला होता, दार उघडं ठेवलं होतं, पुरण वाटता वाटता मान वळवली की अर्धा पडदा दिसत होता. बासरी वाजली, समुद्र आला, आणि लाईट गेली. अख्खी गल्ली "अरेरे" म्हणाली. पाच मिनिटं वाट पाहिली तरी आली नाही. नर्मदेचे हात पुरणाने बरबटलेले, उंबरा ओलांडायची सोय नाही. तिने अभिमनला हाक मारली. तो तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, उंच, वाकून चालणारा, कमी बोलणारा. "भाऊ, देवपुरात तुना मित्रकडे टीव्ही शे ना? जा ना. देखी ये. मंग बठ्ठं सांग माले." तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, अभिमनने तिच्याकडे नीट बघितलं, चप्पल घातली आणि सायकल काढली. पांझरा नदीचा पूल ओलांडून जायचं म्हणजे काही लांब नव्हतं, पण तो परत येईपर्यंत नर्मदेने एक रोट करपवला.

तो आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. सोवळं म्हणून तो उंबऱ्याबाहेरच बसला. नर्मदेने तवा उतरवला. सोका परत आला की नाही, एवढंच तिला आधी हवं होतं.

"सोका उना का?"

"नही उना, वहिनी."

"मंग?"

"हनाबाई गई."

"कोठे गई?"

अभिमनने शर्ट पाठीवरून सोडवला. कपाळाचा घाम पुसला. "आतला मुलुखमा. एक माणूस व्हता, चष्मावाला. भला माणूस व्हता. त्यानी केळीसनी बाग व्हती. तो तिले लेवाले उना. हनाबाईनी सोकानी वाटी धुई, पालथी घाली, आनि गई त्यानासंगे."

"रडनी का?"

"जराशी. नावमा बसापर्यंत. मंग नही."

नर्मदा चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ते ती त्याला विचारत नव्हतीच खरं तर, "आनि ती गई, आनि मांगून सोका उना ते?"

"उना ते तो त्यानं देखी लेई," अभिमन म्हणाला आणि उठून गेला. रात्री जेवताना माय कुणाच्या तरी हाकेला ओसरीवर गेली. तेवढ्यात अभिमनने न बोलता नर्मदेच्या ताटातला हिलालचा रोट उचलला आणि खायला लागला. मग स्वतःच्या ताटातला अर्धा मोडून तिच्या ताटात ठेवला. "हाऊ मना नावना शे. आज हाऊ खा." तिने खाल्ला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिला रोट गोड लागला. दिवाळीनंतर ती भाईदासची होऊन जळगावला आली.

आणि संसार चांगला झाला, खोटं का बोला. भाईदास चष्मा शोधण्यात अर्धा दिवस घालवणारा, केळीचा घड उतरवताना झाडाची माफी मागणारा माणूस. रागावला तरी आधी हसायचा आणि मग रागवायचं विसरून जायचा. पण मनाच्या तळाशी काहीतरी हलत राहायचं. बागेत पाटाचं पाणी सोडताना, केळीच्या पानांवर वारा वाजला की, नर्मदेला वाटायचं, तो आत्ता धुळ्याच्या दारात उभा असेल. मग ती हनाबाईला आठवायची. तीसुद्धा अशाच बागेत, कुठेतरी जपानात, अशीच पानं वाजताना ऐकत असेल. सोन्यासारखी बाई होती ती, तिने वाट बघायचं सोडलं, तर माझं काय एवढं? हनाबाईचं ते वाटी पालथी घालणं नर्मदेने कधी बघितलं नव्हतं, पण इतक्या वेळा आठवलं होतं, की ते तिला डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसे. कधी हनाबाईच्या हातात काचेच्या बांगड्या असत, कधी तिच्या अंगावर गुलाबी साडी.

म्हणून आता मालिका पुन्हा लागल्यावर ती रोज भागाबाईकडे जाऊन बसू लागली. तिला फक्त तो एक प्रसंग बघायचा होता, स्वतःच्या डोळ्यांनी. भाईदास चेष्टा करायचा. "तुझी जपानची बहीण काय म्हणते आज? जेवली का?" ती हसायची. रोजच्या भागात बर्फ वाढत चाललं होतं. धक्का पांढरा, बोटी पांढऱ्या, घरांच्या वळचणीपर्यंत बर्फ. तेव्हा काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तिला ते सगळं वाळूसारखं वाटलं होतं. रंगीत टीव्हीवर मात्र ते बघूनच हुडहुडी भरायची, श्रावणातसुद्धा. हनाबाई खोकायला लागली. चष्मेवाला अजून काही आला नव्हता. नर्मदेने वाट बघितली. येईल, शेवटच्या भागात येईल, अभिमनने सांगितलं होतं.

शेवटचा भाग लागला तेव्हा भाईदास घरीच होता, म्हणून तोही आला आणि पाट घेऊन दारापाशी बसला. हनाबाई अंथरुणातून उठली, तिने वाटीत भात वाढला, सोकाच्या जागेपुढे ठेवला, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली ती पुन्हा उठली नाही. बाहेर बर्फ पडत होतं. कुणी आलं नाही. चष्मेवाला नाही, बाग नाही, होडी नाही. मग बर्फ वितळलं, आणि धक्क्यावर एक दाढी वाढलेला माणूस उतरला. सोका. तो घरात आला तेव्हा शेजारची म्हातारी दोन वाट्या वाढत होती, एक त्याच्या जागेपुढे, एक हनाबाईच्या. त्याला बघून म्हातारीने त्याची वाटी त्याच्या हातात दिली. दुसरी तशीच राहिली. बासरी वाजली. भागाबाईने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला उठली. नर्मदा बसून राहिली. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते इतकं वेडगळ होतं की ते मोठ्याने बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"अहो, जपानात केळी होतात का?"

भाईदासने चष्मा वर सरकवला. "एवढ्या बर्फात? आपल्याकडे थंडी जरा जास्त पडली तरी पानं करपतात." मग तो हसला. "का गं?"

घरी येऊन तिने त्याला सगळं सांगितलं. चष्मेवाला, बाग, होडी, सगळं. सांगतानाच तिच्या लक्षात आलं, आणि ती मध्येच थांबली. आषाढात वाफेने पांढऱ्या झालेल्या काचा. भादलीची बाग. त्या पोराने, अभिमनने, पुलावरून येता येता, सायकल मारत, जवळ होतं नव्हतं तेवढं सामान घेऊन तिच्यासाठी शेवट बांधला होता. धुळ्याच्या पोराला बाग म्हटलं की दुसरं काय सुचणार? आणि तिलाही इतक्या वर्षांत एकदाही शंका आली नाही. बाग म्हणजे केळीचीच, मग ती जपानात का असेना! भाईदास बराच वेळ काचा पुसत राहिला. "म्हणजे जपानात मी होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळाच होता.

पण त्या रात्री आणि पुढचे काही दिवस तिला एकच गोष्ट सोडेना. सोका आला होता. उशिरा का होईना, आला होता. मग हिलाल? तिने कधी विचारलं नव्हतं. माहेरच्या कुणी धुळ्याचं नाव काढलं तर ती आत निघून जाई. न विचारलेलं बरं असतं, इतकी वर्षं हेच तिने धरून ठेवलं होतं, आणि ते धरून ठेवायची परवानगी तिला एका न घडलेल्या गोष्टीने दिली होती. अभिमनचा तिला राग आला. मग राग टिकेना. तिच्या भावाने, धनसिंगने सांगितलं की अभिमन आता पिंपळनेरला आश्रमशाळेत मास्तर आहे. शाळेचा फोन नंबरही त्याने मिळवून दिला. कानबाई दोन दिवसांवर आली तेव्हा ती बाजारात नारळ घ्यायला म्हणून निघाली आणि चौकातल्या पीसीओच्या काचेच्या खोक्यात शिरली. कुणीतरी मास्तरांना बोलवायला गेलं. पलीकडे पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. मग चपलांचा आवाज, आणि "हॅलो?"

काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं. ते सगळं विसरून ती म्हणाली, "जपानमा केळी व्हतस का रे, भाऊ?"

पाढे चालूच होते. त्यातूनच आवाज आला, "वहिनी?"

"जपानवाली परत लागनी व्हती. शेवट देखा मी."

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कॉलेजातल्या पोरासारखा झाला, "मी देवपूरले पोचनू तव्हय तठे बी लाईट नव्हती. बठ्ठा धुळामा नव्हती. मी पूलवर बसनू आनि परत उनू. तू चुलीजोडे वाट देखी ऱ्हायनी व्हती. मी काय सांगाले पाहिजे व्हतं?" मग त्यानेच विचारलं, "खरा शेवट काय व्हता? इतला वरीस मी कोनलेच इचारं नही. माले भ्याव वाटे. हनाबाईनं वाईट व्हयेल व्हई, आनि मी तुले धाडी दिधं..."

नर्मदेने खोक्याच्या काचेतून बाहेर बघितलं. बाहेर एक बाई नारळ कानाशी हलवून बघत होती. बर्फ, वाटी, भिंतीला टेकलेलं डोकं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ती म्हणाली, "केळी नव्हत्यात रे. बाकी बठ्ठं तू सांगं तसंच."

"खरं?"

"खरं. नावमा बसापर्यंत रडनी. मंग नही."

त्याने सोडलेला श्वास तिला पिंपळनेरहून इथवर ऐकू आला. मग तिने हिलालचं विचारलं. नाही, हिलाल आला नाही. कधीच नाही. सासरे आधीच गेले होते, मायला जाऊन चार पावसाळे झाले. "पन एक सांगू, वहिनी? तू गई, त्याना दुसरा वरीसले मायनी सूप पुढे लिधं, आनि हिलाल नानानी मूठ टाकीच नही. मी इचारं, ते म्हने, खानारी गई, आते कोना करता टाकू." मायने कधी तांब्या आपटला होता तेवढंच नर्मदेने इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. तिला एकदम मायची फार आठवण आली, तिच्या हिरव्या गोंदणाच्या हातांची.

"आनि तुनी मूठ? आते कोन टाकस?"

"मना एकलाना काय रोट, वहिनी?" अभिमन हसला. "लगीन करं नही. कानबाई काकासघर गई. मी इठेच ऱ्हास, पोरेसमा." पाढे संपले होते. पोरांचा गलका झाला, आणि तो म्हणाला की त्याला जायला हवं.

शनिवारी दुपारी नर्मदा सूप पुढे घेऊन बसली. भाईदास समोर पाटावर बसून पुस्तकातल्या पानांसारखी केळीची पानं एकावर एक रचत होता, उद्याच्या जेवणासाठी. त्यांच्या घरातला पुरुष तो एकटा, पहिल्या बायकोची लेक लग्न होऊन पाचोऱ्याला गेलेली. म्हणून दरवर्षी सुपात एकच मूठ पडायची, आणि वर सव्वाचे चार दाणे. नर्मदेने ती टाकली, त्याचं नाव घेतलं. मग तिचा हात पुन्हा पोत्यात गेला. भरलेली मूठ तिने सुपावर धरली, आणि बोटं उघडायच्या आधी ती थांबली. भाईदासने मान वर केली.

"ही कुणाची?"

"अभिमनची," ती म्हणाली. "त्याच्या नावाची कुणी टाकत नाही."

ते चुकीचं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या कुळातला माणूस, नात्याने आता कुणीच नाही, आणि कानबाईच्या रोटात त्याचं नाव. भाईदासच्या आईने असं काही ऐकलं असतं तर सूपच उचलून नेलं असतं. भाईदासने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्या मुठीकडे बघत राहिला.

"आणि खाईल कोण?" त्याने विचारलं.

"मी खासू," नर्मदा म्हणाली. भाईदासने हात लांबवून सूप तिच्या मुठीखाली जरा पुढे सरकवलं.